मेलेल्या राजाचा सौदा

गुलाबभाऊने मला फसवलं. आर्णीच्या बैलबाजारात ज्याला आजवर कोणी फसवू शकलं नाही, त्या मला. आणि तेही दिवसाढवळ्या, चहा पाजून.

एसटीतून निवृत्त झालेला हा कंडक्टर आमच्या शेजारच्या तांड्यावर राहायचा आणि दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांचं नाटक बसवायचा. हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा. तो दोनदा वाजला की प्रवेश सुरू, एकदा वाजला की सगळे जागच्या जागी गप्प. कोणी स्टेजवर उगाच रेंगाळला की ओरडायचा, "बोलून झालं ना भिया? मंग सरक पुढं! तुह्या मांगं अजून लोकं उभे आहेत."

मला राजा व्हायचं होतं. बैलांची दलाली करून मी घर बांधलं, पण कळंबचे माझे सासरे चारचौघांत "आमची पोरगी दलालाकडे गेली" असं म्हणायचे, जणू पोरगी विहिरीतच पडली. त्यांना पहिल्या रांगेत बसवून एकदा मुकुट दाखवायचा होता.

"पडद्याचं कापड माह्यं, मंडप माह्या. राजा मी," मी म्हटलं.

"घे," गुलाबभाऊ म्हणाला.

"राजाचं बोलणंही वाढवून पाह्यजे."

"दोन पानं अजून घे. च्या पे."

समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की एरवी मी बैल पुन्हा चालवून बघतो. त्या दिवशी चहा प्यालो.

नाटकातले सगळे शेतावर राबणारे. म्हणून ज्याला जेव्हा सवड, तेव्हा गुलाबभाऊ त्याला त्याचं तेवढंच काम शिकवायचा. अख्खं नाटक फक्त त्याच्या डोक्यात. एकत्र तालीम एकच, आदल्या दिवशी. तेव्हा मला कळलं की माझी सगळी पानं पहिल्याच प्रवेशात आहेत आणि त्याच्या शेवटी प्रधान मला विष पाजतो.

"अन् मंग?" मी ओरडलो.

"मंग पडून राह्य. तुले उचलाले चार गडी लागते, अन् चारही पुढच्या प्रवेशात हायेत."

मी मुकुट आपटला. पण सासऱ्यांना निरोप गेला होता. मुकुट पुन्हा उचलला.

प्रयोगात मी झोकात बोललो, झोकात मेलो आणि मग पाठीखाली मुंग्या घेऊन पडून राहिलो. प्रधान माझी घोडी एका व्यापाऱ्याला विकू लागला. व्यापारी म्हणाला, "मूठभर मोहरा देतो." प्रधान म्हणाला, "घेऊन जा."

मूठभर! माझ्याच्याने राहवेना. मी उठून बसलो.

"थांब बे! दात पाह्यले काय तिचे? चाल पाह्यली काय? एवढ्यात कायले देतं?"

गुलाबभाऊने विंगेतून चिमटा वाजवला. मी ऐकलं नाही. त्या व्यापाऱ्याला घाम फोडून थैलीभर मोहरांवर आणला, प्रधानाला म्हटलं, "आता दे," आणि पुन्हा मेलो. मंडप शिट्ट्यांनी फाटायचा बाकी होता. गुलाबभाऊ विंगेत पोट धरून हसत खाली बसला होता.

नाटक संपल्यावर सासरे आत आले. मी मुकुट सारखा केला. ते त्याच्याकडे बघेचनात. म्हणाले, "जवाईबापू, आमचा गोऱ्हा इकाचा हाय. गिऱ्हाइकाशी तुमीच बोला."

सासरे खूश, गाव खूश. मी नव्हतो. मला शेवटपर्यंत राजा राहायचं होतं. गुलाबभाऊला धरून तसं सुनावलं, तर त्याने माझ्या हातावर हात मारला. "पुढच्या पोळ्याले तुले आखरीपर्यंत जित्ता ठेवतो भिया. जबान देली."

यंदा पोळ्याच्या आधी, अंगणात बसल्या बसल्या, तो स्वतःच गेला. त्याच्या पोराला विचारलं, तो नुसता रडतो. नाटकातल्या मंडळींना विचारलं, तर म्हणतात, नवीन नाटक कोणाच्याच डोक्यात नाही. हे मला चालणार नाही. हातावर हात पडला होता, सौदा झाला होता, आणि असा अर्ध्या प्रवेशात उठून जायचा हक्क त्याला कोणी दिला? मी मंडप घेऊन बसलोय. कोण उत्तर देतो, बोला.