पडलेल्या उमेदवाराची सकाळ

मी काष्टीहून मॉरिशसला निघाले तो बाजाराचा दिवस होता. नवरा पुढं गेला होता, माझे कागद नुकतेच आले होते, आणि विमानाची वेळ काही आमचा बाजार बघून ठरलेली नव्हती. जीपला बाजारातूनच जावं लागणार होतं. आई, धाकटा भाऊ दत्ता, दोन चुलत्या, गल्लीतल्या बायका, सगळी जीपपर्यंत आली. आबा आले नाहीत. घरामागच्या बांधावरच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं तोंड न्हाई राहिलं गावात. तू तिकडं मान वर करून रहा." मग ते कांद्याच्या वाफ्याकडं वळले, जणू तिथं फार मोठं काम अडलं होतं. जीपमध्ये मी रडले ते गाव सुटलं म्हणून नाही. मला राग आला होता. लेक सातासमुद्रापार चाललीय आणि बाप चार माणसांच्या नजरेला घाबरून बांधावर उभा आहे, हे मला सहन होत नव्हतं.

आदल्या वर्षी आबा सरपंचपदाला उभे राहिले होते आणि थोडक्या मतांनी पडले होते. त्या आधी सगळी उमर त्यांनी दुसऱ्यांना निवडून आणण्यात घालवली होती, एकदाच स्वतःसाठी मतं मागितली. निकालाच्या संध्याकाळी भावकीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी असं जेवण नेऊन देतात. त्या बिचाऱ्यांनी मायेनंच आणलं होतं. पण आबांनी ती टोपली बघितली आणि जे आत जाऊन बसले ते बसलेच. बाजार बंद, पारावर बसणं बंद. लग्नाला जायचंच झालं तर अक्षता पडल्यावर पोचायचं आणि पंगत बसायच्या आत निघायचं. त्यांचं चिन्ह कपबशी होतं, त्यामुळं कुणी बशीत चहा दिला तरी त्यांना वाटायचं, मुद्दाम दिला.

तुम्ही जे गावातच राहिलात, त्या तुम्हाला हे सगळं माहीत आहे. मी सांगतेय ते पुढचं.

मॉरिशसला उतरले तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मला हसू आलं. एवढे पैसे खर्चून विमानानं आले ती परत आमच्या श्रीगोंदा तालुक्यातच आले की काय! माझा नवरा राजेन तिथलाच, शेतीचं शिकायला पुण्याला आलेला. त्याच्या पणज्याचा पणजा कोकणातून बोटीनं गेला होता. घरात सासूबाई देवापुढं मराठीत आरती म्हणायच्या आणि देवापासून उठल्या की सगळ्यांशी तिथल्या बोलीत, क्रेओलमध्ये बोलायच्या. मीही हळूहळू शिकले. सकाळी "कि मान्येर" म्हणून ख्यालीखुशाली विचारायची, बुटीकमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, पाव आणायचा, भाजीवाल्याला मेर्सी म्हणायचं. ज्वारीचं पीठ मात्र मिळेना. कुणी भारतातून येणार असलं की मी सोन्याऐवजी ज्वारी मागवायचे.

आमच्या भागाचा नेता एक म्हातारा होता. त्यांना सगळे तोंतों म्हणायचे, म्हणजे काका. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते विशीत होते. उसाच्या फडात उभं राहून मजुरांपुढं भाषणं करणाऱ्या पोरांतले एक. मग निवडून आले, मंत्री झाले, आणि स्वतःच्याच सरकारशी भांडून खुर्ची सोडून घरी आले. त्यानंतर त्यांनी छोटासा पक्ष काढला. जितक्या वेळा निवडून आले, जवळजवळ तितक्याच वेळा पडले. मी त्यांचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच वाटेना. आमच्या नगर जिल्ह्यात एवढ्या काळात माणसानं एक कारखाना, दोन कॉलेजं आणि एक दूध संघ काढला असता, आणि सगळ्यांवर पुतणे बसवले असते. ह्यांच्याकडं एक जुनी टोयोटा, आंब्याचं झाड आणि बोलायला आलेली माणसं.

सासूबाई त्यांच्या प्रचाराला जायच्या, त्यांच्यामागून मी जाऊ लागले. आधी चहा करायचं काम होतं, मग घरोघर फिरायचं आलं. हे तर मला लहानपणापासून येत होतं. आबांनी शिकवलेली एक युक्ती मी तोंतोंना सांगितली की मत मागायला गेलं की आधी प्यायला पाणी मागायचं, पाणी दिलेला माणूस लगेच वाकडं बोलत नाही. ते खूप हसले. या वयात प्रत्येक घरी पाणी प्यायलो तर प्रचार संडासातूनच करावा लागेल, असं म्हणाले.

त्या निवडणुकीत तोंतों पडले. चांगलेच पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं असेल? पिठलं केलं, जपून ठेवलेल्या ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि फडक्यात बांधून त्यांच्या घरी गेले. मला वाटलं होतं, पडदे ओढलेले असतील, फोन बंद असेल, माणूस आत भिंतीकडं तोंड करून पडला असेल. तर तोंतों पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. फडकं बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी समजावलं. आमच्याकडं कधी आणतात तेही सांगितलं. ते घाबरून म्हणाले, "कोण गेलं?" कुणीच गेलं नाही हे कळल्यावर त्यांनी तिथंच उभ्यानं एक भाकरी खाल्ली, मिरचीचं कौतुक केलं, आणि मला म्हणाले चल.

आम्ही सगळ्या घरांत परत गेलो. तीच घरं, तोच क्रम. आदल्या आठवड्यात हात जोडलेले लोक आता ओशाळे होत होते. एकजण आम्हाला येताना बघून गाडीखाली शिरला आणि उगाच काहीतरी दुरुस्त करायला लागला. तोंतों त्याच्या पायांशीच बोलत उभे राहिले, शेवटी तो हसत बाहेर आला. एका बाईनं तोंडावर सांगितलं की मी तुम्हाला मत दिलं नाही, आमच्या गल्लीतलं गटार तुमच्या काळातही तुंबलेलं होतं. त्यांनी गटार कुठून तुंबतं ते जाऊन बघितलं. पडलेला माणूस गटार बघत होता! दुपारी घामाघूम होऊन आम्ही एका भिंतीच्या सावलीला बसलो तेव्हा मी विचारलं, याची काय गरज होती?

"तिफी," ते म्हणाले, मुलीला तिथं असंच हाक मारतात, "ज्यांनी मला मत दिलं तेही काल हरले. मी घरात बसलो तर त्यांच्याकडं कोण जाणार?"

 मला काष्टीतली आमची गल्ली दिसत होती. आबांना मत दिलेली किती माणसं असतील तिथं? पडले थोडक्यानं, म्हणजे निम्मं गाव त्यांच्या बाजूनं होतं की. त्या निम्म्या गावाकडंही त्यांनी पाठ फिरवली होती. हे आम्हा घरच्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तोंतों त्यानंतर निवडून आले नाहीत. पण शेवटपर्यंत हिंडत राहिले. जायच्या आधी काही महिने त्यांनी माझ्यामागं धोशा लावला की गावच्या कौन्सिलला उभी राहा. मी म्हणाले, मी बाहेरची, विमानानं आलेली. ते म्हणाले, या बेटावर मुळात माणूसच नव्हता, प्रत्येकाचा आजा कुठल्या ना कुठल्या बोटीतून उतरला, तुझी बोट जरा वरून आली एवढंच. त्यांच्या अंत्ययात्रेला त्यांना पाडणारेही आले होते, आणि तोंडदेखले आले नव्हते.

गेल्या निवडणुकीला मी उभी राहिले. आणि पडले.

लपवत नाही, निकाल ऐकला तशी मीही पांघरूण ओढून पडले. सकाळी उठावंसंच वाटेना. बाहेर बुटीकपाशी कोण कोण उभं असेल, काय बोलत असतील, सगळं कानात वाजत होतं. मी आबांची लेक आहे हे तेव्हा मला हाडापर्यंत कळलं. राजेन खिडक्या लावायला उठला तेव्हा मला पायरीवर नाडी बांधणारे तोंतों आठवले आणि मी त्याला थांबवलं. तेवढ्यात काष्टीहून आबांचाच फोन आला. एरवी ते फोन आईकडं देऊन टाकतात.

"काही दिस बाहेर निघू नको," ते म्हणाले. "लोक तोंडावर हसत न्हाईत, पन पाठीमागं लई हसत्यात."

"आबा, मी आत्ता निघालेय. मतं दिली त्यांच्याकडं जायचंय, न दिली त्यांच्याकडंबी."

 मग मी ते बोलले, जे निघताना बांधावरच बोलायला हवं होतं आणि तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. "आबा, तुमाला निम्म्या गावानं मत दिल्तं. त्यांच्याकडं तुमी कधी गेलात?"

फोन बंद झाला. मी चपला घातल्या. सगळ्यात आधी जिंकलेल्या बाईच्याच घरी गेले. ती दारातच गोंधळली, मग आत नेऊन केक पुढं केला. मग पुढची घरं. काही ठिकाणी दार उघडायला उशीर लागला, एका ठिकाणी उघडलंच नाही. तिथं मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

दोन आठवड्यांनी दत्ताचा फोन आला. तो बाजारातून बोलत होता, शेळ्यांच्या ओरडण्यात त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. आबा सकाळपासून बाजारात आहेत, म्हणाला. दिसेल त्या जुन्या माणसाला थांबवतायत. जे वारले त्यांच्या पोरांना भेटतायत.

"ताई, हातात हात घेऊन सांगत्यात, तुज्या बापानं मला मत दिल्तं, आभार मानायचं राहिलं हुतं."

मग फोन आबांच्या हातात गेला. दमलेला आवाज होता, पण उभ्या माणसाचा होता. ते म्हणाले, अजून खालची आळी राहिलीय, आज उरकायची न्हाई, उद्या जातो.

इथं लोक मला विचारतात, तुझं घर नेमकं कुठलं, तिकडचं की इकडचं? पूर्वी मी अडखळायचे. आता सांगते की जिथल्या दारात पडल्यावरही जायचं असतं, ते माझं घर. आबांची खालची आळी राहिलीय, माझी समुद्राकडची गल्ली. ती होईपर्यंत पुढची निवडणूक येईल, आणि मी उभी राहणार आहे.