दश्शीची जोडी आणि राजूर मुक्काम

भाऊबीजेच्या एका रजेपायी मी एका माणसाचा दात पाडला आहे. नव्वदीतली गोष्ट. मी तेव्हा लाल गाडीवर कंडक्टर होतो. डोकं कायम तापलेलं आणि हातात तिकिटांना भोकं पाडायचा लोखंडी पंच. हे दोन्ही एकाच माणसाकडे देऊ नये, असं माझा ड्रायव्हर म्हणायचा.

माझी बहीण राजूरच्या रस्त्यावर, फाट्यापासून आतल्या एका वाडीत दिली होती. दाजी तिला मारायचा, तेही बैलाच्या कासऱ्याने. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर त्याने मला उंबऱ्यावरूनच परत लावलं. आत बहिणीचं रडणं ऐकू येत होतं आणि मी बाहेर आपट्याची पानं धरून उभा. भाऊबीजेला मात्र भावाला दारातून हाकलता येत नाही, सगळं गाव नावं ठेवतं. म्हणून मला तोच दिवस पाहिजे होता. ओवाळून घ्यायचं, ताटात ओवाळणी टाकायची, मग दाजीचा उजवा हात मोडायचा आणि बहिणीला घेऊन यायचं, असा माझा सरळ बेत होता. तो फक्त ड्रायव्हरला माहीत होता. बाकीच्यांना सांगायची मला लाज वाटायची.

डेपोत रजा उरली होती एक आणि मागणारे आम्ही पाच जण. टाइमकीपर वैतागून म्हणाला, "तुमचं तुमी ठरवा आन् मला एक नाव द्या." आमच्यात असली भांडणं तीन पत्तीवर मिटायची. पैसे नाहीत. प्रत्येकाला वाटीवाटी चिंचोके, ज्याचे संपले तो उठला, शेवटी राहील त्याची रजा. दुपारच्या गाड्या सुटल्यावर आम्ही रेस्टरूममध्ये सतरंजी टाकून बसलो.

पहिल्याच डावाला मला दोन दश्श्या आल्या आणि बरोबर एक तिर्री. दश्शीची जोडी. पानं बघून माझे कान गरम झाले. माझ्या मागे ड्रायव्हर विडी ओढत बसला होता. खेळात त्याचं डोकं माझ्या दुप्पट थंड. तो कानाशी पुटपुटला, "जोडी बरी हाय, पन लई मोठी न्हाई. खेळ आत्ताशी सुरू झालाय. दोन चाली बघ, कुनी दाबाया लागलं तर टाकून दे. चिंचोके ऱ्हायले तर पानं पुन्यांदा येत्यात."

मला पुन्हाबिन्हा काही नको होतं. मला आत्ता पाहिजे होतं. मी मूठभर चिंचोके पुढे सारले. तिघांनी पानं टाकली. उरला एक लांब मानेचा कंडक्टर, संगमनेर लाइनवरचा. तो न बघताच खेळत होता. मग त्याने पानं उचलली, बघितली, खाली ठेवली आणि माझ्याइतकेच चिंचोके सारले. मी आणखी सारले. त्यानेही सारले. ड्रायव्हरने माझा शर्ट मागून ओढला, मी त्याचा हात झिडकारला. दश्शी दिसतच नव्हती मला. दाजीचं तोंड दिसत होतं, आणि प्रत्येक चाल मी त्या तोंडावर मारत होतो. वाटी रिकामी झाली तेव्हा मी पानं उलटी केली.

त्याने त्याची उलटली. दोन गुलाम. दश्शीच्या बरोबर एक पायरी वर.

बाकीचे अजून नीट बसलेसुद्धा नव्हते आणि मी खेळातून उठलो होतो. तो चिंचोके ओढत हसून म्हणाला, "पयल्याच डावाला एवढी घाई? बहीन रडत बसली काय तिकडं?"

त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. नेहमीची थट्टा केली त्याने. पण माझा हात कमरेच्या पंचाकडे गेला आणि पंच त्याच्या तोंडावर बसला. एकदा नाही. गुलामांवर रक्त सांडलं, दात चिंचोक्यांत जाऊन पडला. त्यानेही माझं डोकं भिंतीवर आपटलं, ती खोक अजून केसांत हाताला लागते. चौघांनी मिळून आम्हाला सोडवलं. तक्रार झाली नाही, कारण पत्ते का काढले होते हे साहेबांना कोण सांगणार? मात्र टाइमकीपरने तिथल्या तिथे मला पाडव्याच्या राजूर मुक्कामी गाडीवर लावलं. संध्याकाळी वर जायचं, रात्री राजूरला राहायचं, भाऊबीजेच्या सकाळी खाली यायचं.

पाडव्याला वर जाताना मी दारात उभा राहून स्वतःला शिव्या घालत होतो. फाटा आला तेव्हा मी मुद्दाम तोंड फिरवलं.

सकाळी गाडी गच्च भरली. नव्या साड्या, लाडवांचे डबे, कुणी भावाकडे, कुणी बहिणीकडे. हसणारं प्रत्येक माणूस मला शत्रू वाटत होतं. फाट्यावर ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला. रस्त्यात मधोमध माझी बहीण उभी होती. एका पायात चप्पल, एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फुटलेला. मागून कासरा घेऊन दाजी पळत येत होता.

ती पायरीवर चढली आणि त्याने तिची वेणी धरली. तिचं डोकं मागे गेलं. आतल्या बायकांनी तिचे हात धरले, बाहेरून तो ओढतोय, आणि ती मधे ताणली गेलेली. मी त्याच्या मनगटावर पंच हाणला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तरी सोडेना. पुन्हा हाणला, मग छातीवर लाथ घातली. तो रस्त्याकडेच्या चारीत उताणा पडला. वेणीतले केस त्याच्या मुठीतच राहिले. मी डबल बेल दिली. सुख झालं मला, खोटं कशाला बोलू? उतरून आणखी मारायचं होतं, पण ड्रायव्हरने गाडी सोडली ती थेट घाटाखाली थांबवली.

एका म्हातारीने तिला खिडकीशी बसवलं, पाणी पाजलं. मी तिच्यापुढे उभा होतो. शेवटी म्हणालो, "म्या येनार हुतो गं. रजाच मिळाली न्हाई."

"बरं झालं न्हाई मिळाली," ती म्हणाली. "रातीच मला संपवायला निघाला हुता. लपून बसले गोठ्यात. सांजच्याला फाट्यावरल्या हापशावर पानी भरताना तुला गाडीच्या दारात बघितलं हुतं. वर गेलेली गाडी सकाळी खाली येतीच. तेवढ्यावर रात काढली." मग तिने विचारलं, "तू तोंड का फिरवलंस रं?"

मी पंच पँटला पुसला आणि तिचं तिकीट फाडलं.