पाकोळ्या

पडकी इमारत दिसली की मामा दाराबाहेर चपला काढायचे, नाक वर करून वास घ्यायचे आणि मागच्यांना हाताने अडवायचे. "वायच थांबा, मॅडम." दोन मिनिटांत बाहेर. आत वटवाघळं किती, कुठल्या कोपऱ्यात, पिल्लं आहेत का, सगळं सांगायचे.

मामा आमच्या पार्ल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. मालवणकडचे. मी तिथे प्राणिशास्त्र शिकवते. प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी करायला विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मुलुंडच्या डोंगरालगतच्या पाड्यांवर जायचो. नकाशा, वेळापत्रक, याद्या माझ्याकडे. मुलं मात्र मामांच्या मागे. जमिनीवरची लेंडी ते चिमटीत चुरडायचे. "चमाकता बघ. किड्यांचे पंख ते. म्हणजे वटवाघूळ. उंदराची चमकत नाय." हेच मी वर्गात शिकवलं होतं. तेव्हा कोणी मान वर केली नव्हती.

एकदा एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मॅडम लिहितात गं, शोधतात मामा." तुम्ही ऐकलं असतंत तर हसला असतात. मी हसले नाही.

त्या वर्षी आमचा अहवाल छापायचा होता. वटवाघळांच्या पानावर शोधणाऱ्याचं नाव द्यायचं ठरलं. मामांचं निवृत्तीचं वर्ष. "नातीक दाखवीन," एवढंच म्हणाले.

शेवटच्या फेरीत ते एका बंद पंपघरातून बाहेर आले. "लिवा मॅडम. पाकोळ्यो. दोनशे तरी."

आमच्या छापील यादीत पाकोळी म्हणजे पक्षी. मामांच्या गावी पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ. मला हे ठाऊक होतं. शिवाय मामा समोर अनवाणी उभे होते, पक्ष्यांसाठी ते कधी चपला काढत नसत. मी पक्ष्यांच्या पानावर लिहिलं: पाकोळी, २००. त्या पानावर नावाचा रकाना नव्हता.

अहवाल आला. मामांनी चष्मा लावून तो दोनदा चाळला.

"माझा नाव काय गावूक नाय."

"पाकोळी पक्ष्यांत गेली, मामा. चूक झाली."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यात पाकोळी म्हणजे पक्षी, नाय काय? मगे माझाच चुकला. मीच वटवाघूळ म्हणूक होया होता." अहवाल फडक्याने पुसून त्यांनी कपाटात ठेवला.

महिन्याभरात ते गावी गेले.

यंदा अहवालाची सुधारित प्रत काढायची आहे. मी पंपघराशी गेले, बूट घालूनच, आणि सरळ आत शिरले. दुसऱ्या पावलाला सगळं छत सुटलं आणि माझ्या डोक्यावरून फडफडत बाहेर गेलं. मोजायला एकही वटवाघूळ उरलं नाही.

पायरीवर बसून नोंद केली. संख्येचा रकाना कोरा. शोधणाऱ्याच्या रकान्यात मामांचं नाव, आडनावासकट.

ही प्रत त्यांना पाठवायला हवी. घरी येऊन सगळ्या वह्या काढल्या. विद्यार्थ्यांचे पत्ते आहेत, ड्रायव्हरचा आहे, डबेवालीचाही आहे. मामांच्या गावचा पत्ता मी कधी लिहूनच घेतला नव्हता.