टाकीतली हवा

एका कंपनीचे दोन पानी पत्र आठवले की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही माझे डोके तापते.

दोन हजार आठच्या मंदीनंतरचा हिवाळा होता. मी पुण्यातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर तीस-पस्तीस फूट पाण्यात एक जुनी, वाफेवर चालणारी मालबोट बुडून पडलेली आहे. ती बघायला हौशी लोक पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरतात. असाच उतरलेला, मूळचा पुण्याचा पण तिकडे नोकरी करणारा एक इंजिनियर वर आणला तेव्हा गेलेला होता. सोबतचा प्रशिक्षक वसईचा. लोकांना असे खाली नेणाऱ्या कंपनीने त्याला कामावरून काढून भारतात पाठवून दिले आणि इंजिनियरच्या पत्नीला पत्र दिले: थंड पाण्यात पाहुणा घाबरला आणि प्रशिक्षक त्याला एकटे सोडून फोटो काढत राहिला.

ते पत्र जोडून तिच्या दिराने आमच्याकडे फिर्याद दिली. भारतीय माणसाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा तपास आपल्याकडे करता येतो, खटल्याला मात्र केंद्राची परवानगी लागते. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा दाखल करून मी प्रशिक्षकाला बोलावले.

चाळिशीचा माणूस. तीन दिवस मी त्याला अरेतुरे करत तेच तेच विचारत होतो.

"फोटो काढत होतास ना?"

"माझ्याकडे कॅमेराच नव्हता, साहेब. ते एकदम ढिले पडले. मी त्यांना धरून वर आणलं. मी सोडलं नाही."

"मग कंपनी खोटं लिहिते?"

"कंपनीला काय लिहायचं ते लिहू दे. माझंही डोकं त्या दिवशी ठणकत होतं, पण मी सोडलं नाही."

हवालदाराने जबाबात डोके ठणकत असल्याचे लिहून घेतले. मी सहीपुरते वाचले आणि पुढे गेलो.

आठवड्याभराने ठाण्यात परदेशातून फोन आला. बोलणारा अमिरातीतल्या जबल अली बंदरावर एका गोदामात खोकी भरणारा मेकॅनिक होता. पूर्वी तो याच कंपनीत टाक्यांमध्ये हवा भरायचा. मंदीत त्याला काढले होते; प्रशिक्षकाच्या चौकशीचे आणि कंपनीतले त्याला जुन्या सोबत्यांकडून कळत होते. "साब, उस आदमी को छोड़ो," तो म्हणाला. "पहले टंकी की हवा चेक करो. मेरे जाने के बाद हवा खींचने का पाइप जनरेटर के धुएँ के पास रख दिया है."

मी प्रशिक्षकाचा जबाब पुन्हा काढला. ठणकणारे डोके या वेळी नीट वाचले.

पत्रव्यवहारात तीन महिने गेले, मग मला तिकडे जाता आले. अंगावर गणवेश नाही, अधिकार शून्य. विचारायचे ते तिथल्या अधिकाऱ्यामार्फत. त्याला हिंदी उत्तम यायची. कंपनीच्या पत्रावर केस खलास झाली होती, पण मयताची टाकी मुद्देमालात सीलबंद पडून होती. त्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "लॅब में भेजता हूँ. इन्शाल्ला, पता चल जाएगा."

अहवाल आला. टाकीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड होता. जनरेटरचा धूर. पाण्याबाहेर जेवढ्याने नुसते डोके दुखेल, तेवढाच पाण्याच्या दाबाखाली माणसाला बेशुद्ध करतो.

कंपनीचा व्यवस्थापक मुंबईकर निघाला. मला बघून त्याला हायसे वाटले असावे. "रिसेशन आहे सर. सगळ्यांनीच स्टाफ कमी केला. ऑफिसचा माणूस टाक्या भरायचा, आम्ही तरी काय करणार?"

"मेकॅनिक काढलात. मग लोकांना खाली उतरवणं का थांबवलं नाहीत? आणि ते पत्र? तेही रिसेशनमुळे लिहिलंत?"

तिथल्या अधिकाऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला, नाहीतर मी काय केले असते सांगता येत नाही.

तिकडच्याच अल कुसैस भागातल्या फ्लॅटमध्ये इंजिनियरची पत्नी सामान बांधत होती. नवऱ्याच्या व्हिसावर होती, तो संपत आला होता. अहवाल ऐकून ती खोक्यावरच बसली. "मी त्या माणसाला किती शिव्याशाप दिले," म्हणाली. "मला त्यांना भेटायचंय."

ती पुण्याला परतल्यावर माझ्याच खोलीत भेट झाली. तिने एकच विचारले, "शेवटी काही म्हणाले का?"

"पाण्याखाली बोलता येत नाही, ताई," प्रशिक्षक म्हणाला. "पण ढिले पडायच्या आधी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. वर येईपर्यंत मीही त्यांचा हात सोडला नाही."

प्रशिक्षकाच्या हातून गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तीन दिवसांच्या अरेतुरेबद्दल त्याची माफी मागितली. त्याने मान डोलावली, पण पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. व्यवस्थापकाला तिकडे शिक्षा झाली. मालकांनी पाटीवरचे नाव बदलले आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या बोटी पुन्हा पाहुणे घेऊन निघाल्या.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, अपघाताचे खापर शेवटी हजर असलेल्या माणसावर फोडलेले दिसले की मी आधी विचारायचो: इथे आणखी कोण असायला हवे होते, आणि त्याला कुणी काढले?