गंगेत वाहून गेलेली बिअर

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. लग्न होऊन मी नेवासे तालुक्यात, गोदावरीतल्या एका बेटावर नांदायला आले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या दोन फाट्यांच्या मधे पाच-सहा घरं, एक देऊळ आणि बाकी सगळं काळं रान. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत यायचं, पावसाळ्यात होडीतून. पोरीला तिथं एकटं वाटेल, अशी माहेरी सगळ्यांना काळजी. पण एकटं वाटायला सवडच मिळाली नाही. हळद उतरायच्या आत मी बाटल्या धुवायला बसले होते.

माझे सासरे, मामंजी, नगरच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये खानसामा होते. तरुणपणी तिथल्या एका मडमेनं त्यांना 'जिंजर बिअर' करायला शिकवली होती. नावात बिअर असली तरी ती काही दारू नव्हे. आलं, गूळ, लिंबू नि पाणी थोडं आंबवून बाटलीत कोंडायचं, म्हणजे त्याला आपोआप फेस धरतो. पेन्शनीत निघाल्यावर मामंजींना नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी बेटावर हाच धंदा काढला. हाताखाली माझे यजमान, आणि आता मी.

कारखाना म्हणजे गोठ्याला लागून असलेली एक खोली. तिथं दोन मोठ्या बरण्या आणि एका लहान बरणीत आल्याचं विरजण. त्याला रोज सकाळी किसलेलं आलं नि गूळ घालायचा. मग मामंजी बरणीला कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "बोलतंय." मला आधी हसू यायचं. एकदा मीही कान लावला, तर आत खरोखरच कुणीतरी कुजबुजत होतं. तेव्हापासून चहाआधी विरजणाची खबर घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

माल उत्तम होत होता, खपत मात्र नव्हता. यजमान घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बाटल्यांची पाटी घेऊन उभे राहायचे आणि "थंडगार बिअर" म्हणून ओरडायचे. माळकरी मंडळी नाव ऐकूनच वाट बदलत. ज्यांना पाहिजे असायची ते मोठ्या आशेनं बाटली रिकामी करत, थोडा वेळ वाट बघत आणि मग भांडायला येत.

"अहो, नाव तरी बदला," मी एकदा म्हणाले.

मामंजींनी ऐकलं. "सूनबाई, मोठमोठ्या साहेबांनी याच नावानं प्यायली ती. नाव बदलायचं नाही."

त्यात उन्हाळा लागला. उकाड्यानं बाटल्यांतला फेस खवळायचा. बुचं सुतळीनं आवळून बांधलेली, त्यामुळे बूच उडायच्या ऐवजी बाटलीच फुटायची. भरदुपारी खोलीतून धडाधड बार निघायचे. शेजारच्या काकू तरातरा आल्या. "तुमच्या त्या बारानं माझी म्हस पान्हा चोरती! बंद करा नाहीतर म्हशीला तुमच्या दारात बांधते."

यावर यजमानांनी युक्ती काढली. गंगेचं पाणी गार असतं, तर माल पाण्यातच ठेवायचा. पोहायला शिकणारी मुलं पाठीला वाळलेले भोपळे बांधतात, तसले भोपळे त्यांनी गोळा केले. बाटल्यांच्या करंड्या त्या भोपळ्यांना टांगल्या. भोपळे वर तरंगायचे, करंड्या खाली पाण्यात, आणि सगळ्याला मिळून एक दोर काठच्या बाभळीला बांधलेला. बार थांबले. म्हशीनं पान्हा सोडला. "गंगेत घोडं न्हालं एकदाचं," म्हणून यजमान आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

आणि एका सकाळी मी पाण्याला गेले तर गंगा दुथडी भरून चाललेली! आभाळात ढग नाही, पाऊस नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. बाभळीला दोराचा तुटका शेंडा लोंबत होता. भोपळे नाहीत, करंड्या नाहीत. सगळा उन्हाळ्याचा माल गेला होता.

यजमान काठावर बसून राहिले. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. मामंजी रोजच्यासारखे बरणीपाशी गेले, पण कान न लावता झाकण ठेवून परत आले. ते पाहून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी न विचारताच आलं किसलं आणि विरजणाला घातलं. मामंजी दारातून बघत होते. मग तेही गुळाची ढेप फोडायला येऊन बसले.

पाणी ओसरल्यावर खालच्या अंगानं एक होडी आली. होडीत दोघे भोई, मासे धरणारे. खाली वळणावर त्यांचं गाव. होडीत आमचे भोपळे, आमच्या करंड्या आणि करंड्यांत बाटल्या. सगळ्या रिकाम्या.

"ह्या बाटल्या तुमच्याच का?" त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

यजमान घाबरले. कुणाला बाधलं असलं तर? "व्हय," ते हळूच म्हणाले. "का, काय झालं?"

"काय झालं म्हंजे? जाळ्यात घावल्या. आमी म्हनलं औशिद हाय. एकानं भीतभीत घोट घेतला, तर त्याला असा ठसका लागला, की आमी समदे हसाया लागलो. मग समद्या गावानं घेतला. पोटं हलकी झाली, डोस्की गार झाली. आता पाव्हनं आलं की ठसका मागत्यात. हाय का अजून?"

"त्याला जिंजर बिअर म्हणतात," मामंजी ताठ होऊन म्हणाले.

"म्हनत असतील," म्हातारा म्हणाला. "आमी ठसका म्हनतो."

मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला. मामंजींनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि मग त्यांनाच खो-खो हसू फुटलं. पाहुण्यांना घोंगडी टाकली, भाकरी झाली. भोयांनी जाळ्यातले मासे दिले, ते मी कालवणाला टाकले. जेवताना ठरलं, की माल तयार झाला की होडी येऊन घेऊन जाईल. उतारावरच्या सगळ्या गावांना तेच पोचवतील.

पुढच्या बाजाराला यजमान "बेटावरचा ठसका" म्हणून ओरडले. व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून सौदा करतात. सौदा अडला की दोघं मिळून एक बाटली घ्यायचे, ठसकायचे, हसायचे आणि सौदा पुरा करायचे. माळकरीही घ्यायला लागले. दुपार टळायच्या आत पाटी रिकामी झाली.

संध्याकाळी यजमान गुडघाभर पाण्यातून येताना लांबूनच रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून दाखवत होते. मामंजी अंगणात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि आत वळून मला म्हणाले, "सूनबाई, तिसरी मोठी बरणी आणायला हवी."