बंब वळला त्याची गोष्ट

बंबदादा बोलायला लागले की समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच ठाण मांडून बसायचा. पण अग्निशामक बंबाच्या चाकामागे बसल्यावर हा माणूस कुठंही अडखळत नसे. बावीस वर्षांत त्यांनी गाडीला ओरखडा लागू दिला नव्हता. कोणाची पायरी रस्त्यात किती वीत पुढे आली आहे, हे घरमालकापेक्षा त्यांना जास्त पाठ होतं.

त्या वर्षी नगरपालिकेनं मुख्य रस्ता नव्यानं बांधायचं ठरवलं. आराखडा कचेरीच्या भिंतीवर लागला. रुंद पदपथ, कोपऱ्यांवर दगडी फुलवाफे आणि विणकर गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर उभा राहणारा भलामोठा दिशादर्शक फलक. हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत होती. लोक चित्र बघून खूश होऊन जात होते. बंबदादा मात्र त्या गल्लीच्या तोंडावर बोट ठेवून उभेच राहिले. गल्लीत दीडशे घरं, टोकाला प्रसूतिगृह, आणि आत शिरायला ही एकच वाट. हे असंच बांधलं, तर केंद्रात आलेला नवा बंब तिथं वळणार नव्हता.

ते तडक अभियंत्याकडे गेले. अभियंता तरुण होता, माणूस वाईट नव्हता. संगणकावर बंब वळवून पाहिलाय, काळजी करू नका, असं त्यानं सांगितलं. पण त्यानं वळवला होता तो जुना, आखूड बंब. वर्षापूर्वी आलेला नवा त्याहून चांगला पाच हात लांब होता. बंबदादांना एवढंच सांगायचं होतं. ‘न-न-नवा’ पाशी गाडं अडलं, तेवढ्यात फोन वाजला, आणि अभियंत्यानं हसून हात जोडले.

सर्वसाधारण सभेत त्यांना तीन मिनिटं मिळाली. दोन मिनिटं पहिल्याच वाक्यात गेली. मागं कोणीतरी खुदकन हसलं, उरलेलं मिनिट त्यातच वाया गेलं. दादा खाली बसले तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाला हात लावला नाही. बायको शाळेत कारकून, अर्जविनंत्यांत मुरलेली. तिनं ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली.

"तुमचं बोलणं ऐकून घ्यायला त्यांना धीर नाही ना? मग गाडीला बोलू द्या. अर्ज मी लिहिते."

अर्ज दोनच ओळींचा होता. रविवारी सकाळी एक तास, अग्निशमन केंद्रामागचं मैदान, सभासदांनी बघायला यावं. नगराध्यक्षाबाई पूर्वी शिक्षिका होत्या. प्रात्यक्षिकाची किंमत त्यांना ठाऊक होती. त्यांनी सही केली.

शनिवारभर बंबदादांनी आराखड्यातली मापं मैदानावर उतरवली. चुन्याची फक्की मारून पदपथ आखला, फुलवाफ्यांच्या जागी रिकामी पिंपं ठेवली, फलकाच्या खांबांसाठी दोन बांबू रोवले. रविवारी मंडळी जमली. दादांनी आधी जुना बंब काढला आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा वळवून दाखवला. मग नवा बंब काढला. पहिल्या फेरीत बांबू आडवा झाला, दुसऱ्या फेरीत पिंप गडगडत गेलं.

"मुद्दाम पाडतोय," एक सभासद पुटपुटले.

दादांनी ते ऐकलं. ते खाली उतरले आणि बघ्यांत उभ्या असलेल्या, बस आगारात चालकांना शिकवणाऱ्या गुरुजींना त्यांनी किल्ली दिली. गुरुजींनी घाम गाळून चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा बांबू पडला.

आता दादांनी बांबू उपटले आणि समोरच्या पदपथावर एकच रोवला. कोपऱ्यावरची पिंपं सहा पावलं मागं सारली, पायानं जुनी फक्की पुसून नवी गोल रेघ ओढली. मग चाकामागे बसले. लांबलचक लाल बंब एका दमात वळला आणि पिंपाला न शिवता पार गेला. पहिली टाळी अभियंत्याची होती. टाळी वाजवून तो फीत घेऊन धावला आणि गुडघ्यांवर बसून नवी रेघ मोजू लागला.

"चूक माझी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "गाडी कोणती, हे मी विचारलंच नाही."

पुढच्या सभेत ठराव एकमतानं मंजूर झाला. फलक समोरच्या बाजूला एका खांबावर, कोपरा गोल. शिवाय नगराध्यक्षाबाईंनी स्वतःहून एक कलम घातलं: यापुढं शहरातला कोणताही रस्ता बांधण्याआधी मैदानावर फक्की मारायची, आणि बंबदादांनी गाडी फिरवून दाखवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

मग त्यांनी दादांना बोलायला बोलावलं. दादा उभे राहिले. शब्द नेहमीसारखा अडला. पण या वेळी कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी हसलं नाही. अख्खं सभागृह थांबलं.

"आ-आता," बंबदादा म्हणाले, "कोणाच्याही दा-दारात पोचतो."

प्रेक्षकांच्या बाकावर बसलेली त्यांची बायको सगळ्यांत आधी उठून उभी राहिली.