जॉइंट रिटर्नवरची सही

माझे वडील कापडगिरणीत कामाला होते. पगाराच्या दिवशी ते अंगठा उठवायचे. वर काय लिहिलंय ते कारकुनाला ठाऊक. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. त्या पदवीनं नोकरी दिली, अमेरिका दाखवली, पण त्याआधी एक सवय लावली : वाचल्याशिवाय सही करायची नाही. ऐंशीच्या दशकात याच सवयीनं मला चांगलंच कोंडीत पकडलं.

मी व्हर्जिनियात, हर्नडनला प्रोग्रॅमर होते. नवरा न्यू जर्सीत. लग्न झालं तरी दोघांना एका गावात नोकरी जमेना, म्हणून दर दोन आठवड्यांनी तो गाडी घेऊन यायचा. तिकडे त्यानं स्वतःच्या नावावर टाउनहाउस घेतलं होतं आणि तळघरात हिंदी सिनेमांच्या कॅसेट भरून ठेवल्या होत्या. त्या तो भाड्यानं द्यायचा. पैसे रोख.

लग्नानंतरचं पहिलं टॅक्स रिटर्न त्यानं जॉइंट, म्हणजे दोघांचं मिळून एकच, तयार करून आणलं. रिफंड चांगला मोठा येणार होता. त्यात माझं नागपूरचं तिकीट सहज निघालं असतं. आईला पाहून तीन वर्षं झाली होती. मी रिटर्न वाचायला घेतलं.

"कॅसेटचे पैसे कुठायत यात?"

"तो काय धंदा आहे? मित्रांना देतो मी."

"मित्रांकडून भाडं घेतोस?"

"यार, सगळे असंच करतात. तू फक्त सही कर."

मी केली नाही. विचारून सांगते म्हटलं.

विचारायचं ते काकांना. काका आमच्या इथल्या मराठी मंडळातले, मूळचे पुण्याचे, पुलांचे इंजिनिअर. रिटर्न भरायचे दिवस आले की निम्म्या मंडळाचा टॅक्स त्यांच्या डायनिंग टेबलावर व्हायचा. ते म्हणाले, "जॉइंटवर दोघांची सही, जबाबदारीही दोघांची. उद्या नोटीस आली तर त्याच्याइतकीच तुझी."

"मग मी वेगळं भरते. तशीही वेगळ्या राज्यात राहते."

काका हसले. "नवरा घराच्या कर्जाचं व्याज दाखवणार ना? म्हणजे तो इटमाइझ करणार, एकेक खर्च मांडणार. मग तुलाही तेच करावं लागेल. वेगळं भरणाऱ्या जोडप्यात एकानं खर्च मांडले की दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन, ती सरसकट सूट, मिळत नाही."

"पण मी राहते दुसऱ्या राज्यात!"

"राज्य दुसरं असेल. नवरा तोच आहे ना?"

काकू स्वयंपाकघरातून खळखळून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

"बरं, सांग तुझे खर्च," काका म्हणाले.

"आईला दर महिन्याला पैसे पाठवते."

"आई भारतात. चालत नाही."

"धाकट्या भावाची हॉस्टेलची फी."

"तीही नाही."

"वस्तीतल्या बुद्धविहाराला वर्गणी. तिथल्या अभ्यासिकेला पंखे घेऊन दिले."

"दान इथल्या संस्थेला हवं, बाई."

"खोलीचं भाडं?"

"भाडं नाही. घराचं व्याज असतं तर चाललं असतं."

"घर आहे की जर्सीत."

"त्यावर तुझं नाव आहे?"

मी नाही म्हटलं. काकूंचं हसणं थांबलं. त्यांनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली आणि काकांना म्हणाल्या, "अहो, आधी खाऊ द्या तिला."

माझ्या पगाराचा मोठा हिस्सा जिथे जात होता, ते सगळं समुद्रापलीकडे होतं. इथल्या फॉर्मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. इथे केंद्राचं आणि राज्याचं, अशी दोन रिटर्न भरायची असतात. पगारातून कापलेला व्हर्जिनियाचा कर तेवढा केंद्राच्या रिटर्नमध्ये वजा करता आला. पण केंद्राकडे खर्च मांडले, तर राज्याकडेही मांडायलाच हवेत. आणि राज्य स्वतःचाच कर स्वतःच्या फॉर्ममध्ये वजा करू देत नाही. तिथे वजा करायला माझ्याकडे जवळजवळ काहीच उरलं नाही.

"जॉइंट केलंस तर रिफंड," काका म्हणाले. "नाहीतर तुलाच वर पैसे भरावे लागतील. मी सल्ला देत नाही, हिशेब सांगतोय."

पुढच्या शनिवारी नवरा आला. तो बूट काढत होता तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं.

"तू इटमाइझ करू नकोस, म्हणजे मलाही सूट मिळेल."

"वेडी आहेस का? केवढं व्याज भरतोय मी."

"मग कॅसेटचे पैसे दाखव. आत्ता सही करते."

"नवऱ्यावर विश्वास नाही, असं सांग ना सरळ."

"विश्वास आहे म्हणून तर दाखव म्हणते. नसता तर सोडून गेले असते."

"जाणार कुठे?" तो म्हणाला. थट्टेनंच म्हणाला असेल. मी डाळीला फोडणी दिली, कारण तेल तापलं होतं. खरंच, कुठे जाणार? आई म्हणाली असती, नवरा मारत नाही, पीत नाही, तुला अजून काय हवं? कॅसेटच्या भाड्यासाठी नवऱ्याशी भांडणारी बायको मंडळातही कुणाला पटली नसती. जेवताना त्यानं दोनदा डाळ मागून घेतली. जॉइंटचा फॉर्म ताटाशेजारीच पडून होता.

जेवण झाल्यावर माझं वेगळं रिटर्न काढलं. वेगळं भरलं तरी नवऱ्याचं नाव आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावाच लागतो. तो मी त्यालाच विचारला. त्यानं एकेक आकडा सांगितला, मी लिहून घेतला. मग सही केली, माझ्या एकटीची. वर भरायच्या पैशांचा चेक जोडला. भारतात जायचं त्या वर्षापुरतं बारगळलं.

मला तेव्हा ड्राइव्ह करता येत नव्हतं. पोस्टात त्यानंच नेलं. पेटीपाशी त्यानं काच खाली केली, माझं पाकीट हातात घेतलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं. परत देतो की काय, असं वाटलं. मग आत टाकलं.

"ग्रोसरीला जायचंय?" त्यानं विचारलं.

घरातलं दूध संपलं होतं. मी हो म्हटलं.